पोट भरलेलं, तरी हात डब्यात

रात्रीचं जेवण होऊन तास झालेला असतो. पोटात कणभर जागा नसते. तेवढ्यात फोन वाजतो, पलीकडून कुणी मनाला लागेल असं काहीतरी बोलतं, किंवा उद्याच्या कामाची आठवण होते, आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. डबा उघडतो, हात आत जातो, आणि तळ लागतो तेव्हा कुठे भान येतं.

वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात मी जवळपास वर्षभर अशी खात होते. रात्री त्यांचं शेवटचं औषध देऊन दिवा मालवला, की मी अंधारातच ओट्यापाशी उभी राहून तोंड चालवायची. भूक नसायचीच. दिवसभरात तेवढी दहा मिनिटं माझी एकटीची होती, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर मी खाण्याशीच भांडत बसले: हे बंद, ते बंद, उद्यापासून नक्की. त्या भांडणात दर वेळी खाणंच जिंकलं.

ज्यांना ताण आला की खा-खा सुटते आणि ज्यांनी यावर अजून काहीच करून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात वजन उतरवण्याचा कार्यक्रम नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: ताणातलं खाणं आपलं काहीतरी काम करत असतं. कधी विसावा देतं, कधी राग गिळायला मदत करतं, कधी रिकामी संध्याकाळ भरून काढतं. ते काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवल्याशिवाय खाणं हटत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये खाण्यावर बंदी कुठेच नाही.

आधी शरीराची बाजू ऐकून घ्या

अचानक धक्का बसला तर बहुतेकांची भूक मरते. अपघात डोळ्यांसमोर घडला, तर घास घशाखाली उतरत नाही. अशा वेळी रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं आणि पचनाचं काम मागे पडतं. लढा किंवा पळा अशी शरीराची ही तयारी असते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन केलं.

रेंगाळणाऱ्या ताणाची तऱ्हा निराळी. कर्ज, घरातलं आजारपण, नोकरीतली असुरक्षितता, रोजची धुसफूस अशा ताणात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त प्रमाणात सोडत राहू शकतात. कॉर्टिसॉलमुळे भूक वाढते, आणि ओढ लागते ती गोड आणि स्निग्ध पदार्थांची. मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं, की असं खाणं मेंदूतल्या ताणाच्या यंत्रणेला काही प्रमाणात शांत करत असावं. मग मेंदू ती वाट लक्षात ठेवतो आणि पुढच्या ताणाला तीच दाखवतो. काहींची भूक मात्र लांबलेल्या ताणातही मेलेलीच राहते. प्रत्येकाचं शरीर वेगळं.

हे सांगायचं कारण, ‘माझ्यात संयमच नाही’ हे वाक्य आपण स्वतःला फार वेळा ऐकवतो. संयमाचा प्रश्न इथे दुय्यम आहे. शिकलेली वाट आहे, ती वारंवार तुडवली गेली आहे, आणि म्हणून ती सोपी झाली आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना मन खट्टू करणारी दृश्यं दाखवली. नंतर कुणाला त्याचा ‘मन सावरणारा’ आवडता पदार्थ दिला, कुणाला दुसराच पदार्थ दिला, कुणाला काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळ्यांचं मन सारखंच सावरलं होतं. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे डबा रिकामा केल्यावर जे बरं वाटतं, त्यातलं बरंचसं निव्वळ वेळ गेल्यामुळे वाटत असतं. श्रेय मात्र डब्याला मिळतं.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त लिहून ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. जसं खाता तसंच खा. फक्त एक वही किंवा फोनमधलं टिपण जवळ ठेवा आणि भूक नसताना खाल्लं, की चार ओळी लिहा: किती वाजले होते, कुठे होतो, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, आणि मनात काय होतं. भूक किती होती तेही ० ते १० मध्ये मांडा. ० म्हणजे भूक अजिबात नाही, १० म्हणजे पोटात कावळे ओरडताहेत.

कॅलरी लिहू नका, वजन लिहू नका, ‘पुन्हा चुकले’ असं काही लिहू नका. शेरे आले की वही नकोशी होते आणि तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात पडते.

नोंदी अगदी साध्या असाव्यात. ‘दुपारी ४, कामाच्या टेबलापाशी, वरिष्ठांचा मेल वाचला, छाती भरून आली, भूक २.’ किंवा ‘रात्री ११, पलंगावर, मुलगा झोपला, फार थकले, भूक १.’ सात दिवसांत अशा दहा-पंधरा नोंदी झाल्या, तर एका बैठकीत वाचून काढा. बहुतेकांना दोन-तीन ठरावीक वेळा सापडतात. माझ्या बहुतेक सगळ्या नोंदी रात्री साडेदहानंतरच्या होत्या. दिवसभर मी जवळजवळ खातच नव्हते, हेही तेव्हाच दिसलं.

खरी भूक आणि मनाची भूक ओळखायच्या खुणा सांगितल्या जातात. खरी भूक हळूहळू वाढते, समोर येईल ते चालतं, आणि पोट भरलं की थांबते. मनाची भूक एकदम उसळते, तिला एकच विशिष्ट चव हवी असते, आणि पोट तुडुंब झालं तरी ती शमत नाही. या खुणा खऱ्या आहेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या माणसाला दोन्ही भुका एकदमच लागलेल्या असतात, आणि त्या वेळी निवाडा करत बसणं त्याच्याच्याने होत नाही. दोन्ही असतील तर आधी नीट जेवा. मनाच्या भुकेचं नंतर बघता येतं.

दुसरी पायरी: दिवसा पोटभर खा

ताणात जास्त खाणाऱ्याला ‘अजून खा’ हा सल्ला उलटा वाटेल. पण मला एकच पायरी निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन.

रात्री भरमसाट खाल्लं की सकाळी मन खातं. मग आपण न्याहारी टाळतो, दुपारी दोन घास कमी घेतो, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खूश असतो. आणि रात्री, दिवसभराचा ताण आणि दिवसभराची उपासमार एकत्र येऊन धडकतात. त्या क्षणी हरणं जवळपास ठरलेलंच असतं.

उपासमारीने मनाचं काय होतं, याचा धडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका प्रयोगात आहे. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं स्वखुशीने आली होती आणि मनाने खंबीर म्हणून निवडली गेली होती. काही महिन्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरं काही उरलं नाही. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, खाण्याचीच स्वप्नं बघायची. अन्न पुन्हा मिळू लागल्यावर त्यातल्या काहींना खाताना थांबताच येईना. त्यांना कुणीही दुबळ्या मनाचं म्हणणार नाही. मग स्वतःला का म्हणायचं?

असं व्हायला अर्धपोटी राहण्याचीही गरज नाही. नुसता नियम डोक्यात असला तरी पुरतो. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम हवं तितकं चाखायला सांगितलं. खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. एरवी बंधन पाळणाऱ्या मुलींनी मात्र जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता कसला हिशेब, असं मन म्हणतं. हे वाक्य तुम्हीही मनातल्या मनात उच्चारलं असेल.

करायचं ते असं. दिवसाची जेवणं ठरावीक वेळी घ्या आणि जागेपणी दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. अनावर खाण्यावरच्या उपचारांत ख्रिस्तोफर फेअरबर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी हाच ‘नियमित खाण्याचा’ भाग पायाभूत मानला: तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी. सुरुवातीला काय खाता यापेक्षा केव्हा खाता याकडेच लक्ष द्या. प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ असले तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मधुमेह किंवा दुसरा एखादा आजार असेल, तर वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

झोप हा याच पायरीचा भाग समजा. शिकागो विद्यापीठातल्या २००४ सालच्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना लागोपाठ दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास अंथरुणात राहू दिलेल्या दिवसांच्या तुलनेत भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. दोनच रात्रींत एवढं होतं. ज्यांच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांना ‘आठ तास झोपा’ असं सांगण्यात अर्थ नाही, हे मी जाणते. अशांनी निदान एवढं धरून चालावं, की जागरणानंतरच्या दिवशी खा-खा सुटली तर ती थकलेल्या शरीराची मागणी आहे. त्या दिवशी स्वतःला जास्त सूट द्यावी.

तिसरी पायरी: तल्लफ आणि हात यांच्यामध्ये दहा मिनिटं

आता तल्लफेच्या क्षणाकडे येऊ. ‘खायचं नाही’ असं मनाला बजावू नका. ‘दहा मिनिटांनी खाईन’ असं म्हणा, आणि ते खरं माना. दहा मिनिटांनीही खावंसं वाटलं तर खा. दिलेला शब्द पाळला नाही, तर पुढच्या वेळी मन तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तल्लफ लाटेसारखी असते: चढते, टोकाला पोचते, ओसरते. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी या लाटेवर स्वार व्हायला शिकवण्याची पद्धत आणली. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यात बुडायचंही नाही. ती शरीरात कुठे जाणवते ते बघत राहायचं. तोंडाला पाणी सुटलंय का? छातीत दडपण आहे? हात शिवशिवताहेत? बघता बघता ती जोर धरते आणि मग सैल पडते. पहिल्या दोन-चार वेळा हे जमत नाही. लाट कधी ओसरणारच नाही असंच वाटतं. एकदा ती ओसरताना अनुभवली, की पुढे सोपं जातं.

नुसतं बघत बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी दोन उपाय आहेत.

एक म्हणजे चालणं. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठातल्या अभ्यासांत १५ मिनिटं झपाझप चालल्यावर चॉकलेटची तल्लफ कमी झालेली दिसली. रोज चॉकलेट खाणाऱ्यांना कामाच्या टेबलापाशी बसवून समोर चॉकलेट ठेवलं, तेव्हा आधी चालून आलेल्यांनी बसून राहिलेल्यांच्या जवळपास निम्मंच खाल्लं. बाहेर पडता येत नसेल तर जिने चढा-उतरा, नाहीतर खोलीतच फेऱ्या मारा.

दुसरा उपाय डोळ्यांना काम देण्याचा. तल्लफ मोठ्या प्रमाणात चित्रांची बनलेली असते. तो पदार्थ डोळ्यांसमोर दिसतो, त्याची चव जिभेवर येते, वास नाकात भरतो. मेंदूतली ही चित्रं रंगवायची जागा दुसऱ्या कशाने व्यापली, की तल्लफ फिकी पडते. प्लायमाउथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला लावलं, तेव्हा तल्लफेचा जोर उतरला. चित्र काढणं, कोडं जुळवणं, विणकाम, खण आवरणं, ज्यात डोळे आणि हात दोन्ही गुंततील असं काहीही चालेल. फोनवर नुसतं बोट फिरवत राहणं मात्र यात धरू नका. तिथे दर दोन मिनिटांनी खाण्याचीच छायाचित्रं समोर येतात.

आणि श्वास. तो प्रत्येक लेखात असतो म्हणून इथे थोडक्यात: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडताना लांबवायचा, कारण त्याने हृदयाची गती मंदावते. खूप घाबरल्यासारखं होत असताना श्वासाकडे लक्ष दिल्याने काहींची घबराट वाढते. तसं झालं तर सोडून द्या आणि चालायला लागा.

चौथी पायरी: नेमकं काय हवंय ते ओळखा

दहा मिनिटांत एक प्रश्न स्वतःला विचारायचा: मला आत्ता खरं काय हवंय? उत्तर एका शब्दात द्यायचा प्रयत्न करा. ‘कसंतरी होतंय’ हे उत्तर नाही. राग, भीती, लाज, कंटाळा, एकटेपणा, थकवा यातलं काय? भावनेला नाव दिलं की तिची धार थोडी बोथट होते, हे प्रयोगांतही दिसलं आहे.

नाव सापडलं की उपाय वेगवेगळे होतात, आणि इथेच बहुतेक याद्या फसतात. ‘गरम पाण्याने अंघोळ करा, संगीत ऐका, मित्राला फोन करा’ असं सरसकट सांगितलं जातं. रागावलेल्या माणसाला अंघोळीने काही होत नाही.

रागाला बाहेर पडायला वाट लागते. ज्याच्यावर राग आहे त्याला न पाठवायचं पत्र लिहा, मनात येईल ते सगळं. मग काही तासांनी, डोकं शांत झाल्यावर, त्यातलं जे खरोखर बोलायला हवं ते त्या माणसाशी बोला. घरात कधीच ‘नाही’ न म्हणणाऱ्या माणसांचा राग फार वेळा अन्नाबरोबर गिळला जातो. अशांनी आठवड्यात एका छोट्या गोष्टीला नकार देऊन बघावा.

एकटेपणाला माणूस लागतं. एखादी व्यक्ती आधीच ठरवून ठेवा आणि तिला सांगून ठेवा, ‘संध्याकाळी कधी मी उगाचच फोन करेन, पाच मिनिटं बोल.’ ऐन वेळी कुणाला फोन करावा हे शोधत बसलात, तर हात डब्याकडेच जाईल.

थकव्याला विश्रांतीच लागते, आणि तिच्याबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त अपराधी वाटतं. नुसतं बसलं तर आळशी ठरू, खात बसलं तर कुणी काही म्हणत नाही. म्हणून कित्येक जण बसता यावं यासाठी खातात. मी तेच करत होते. माझा उपाय अगदी साधा निघाला: वडील झोपले की अंगणाच्या पायरीवर दहा मिनिटं नुसतं बसायचं. घरात सांगून टाकलं, की या दहा मिनिटांत मला हाक मारू नका. पहिले काही दिवस बसून झाल्यावरही ओट्यापाशी जात होते. हळूहळू ते कमी झालं.

चिंतेला कागद बरा. उद्याची सगळी कामं आणि भीती लिहून काढा, आणि प्रत्येकीपुढे पहिलं पाऊल लिहा. जिच्यात तुमच्या हातात काहीच नाही, तिच्यापुढे रेघ मारा. कंटाळ्याला हाताला काहीतरी काम पुरतं.

एक सावधगिरी: खाण्याच्या जागी दारू, तंबाखू किंवा उधळी खरेदी आणून बसवू नका. ताण तेवढ्यापुरता हटतो आणि मागे दुसरं संकट ठेवून जातो.

पर्याय सापडला की तो ‘जर-तर’च्या वाक्यात बांधा. ‘मी ताण कमी करेन’ हा संकल्प हवेत विरतो. ‘रात्री दिवा मालवला, की मी पायरीवर जाऊन बसेन’ हा टिकतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे. वेळ आणि जागा आधीच बांधलेली असली, की ऐन क्षणी डोकं चालवावं लागत नाही. वाक्य एकच निवडा, तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रसंगासाठी. पाच वाक्यं एकदम निवडलीत तर एकही रुजणार नाही.

खायचंच ठरलं, तर नीट खा

दहा मिनिटं गेली, तरीही खावंसं वाटतंय. ठीक आहे. डब्यातून किंवा पाकिटातून थेट खाऊ नका. ताटलीत काढा, डबा जागेवर ठेवा, बसा, समोरचा टीव्ही किंवा फोन बंद करा. पहिल्या तीन घासांची चव खरोखर घ्या. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा संपल्यावर जरा थांबा आणि मग अजून हवं का ते ठरवा. लपून खाऊ नका. लपून खाल्लेल्यात चव कमी आणि लाज जास्त असते, आणि ती लाज पुढच्या खाण्याचं कारण होते.

घराच्या मांडणीत थोडा बदल पुरतो. जे हात न थांबता संपतं ते डोळ्यांसमोर, टेबलावर ठेवू नका. वरच्या फळीवर, बंद डब्यात राहू द्या. पदार्थ घरातून हद्दपार करू नका. हद्दपार केलेला पदार्थ मनात मोठा होत जातो.

घसरलात तर

घसराल. तिसऱ्या आठवड्यात सगळं छान चाललेलं असताना एखादी वाईट बातमी येईल आणि एका रात्रीत डबा संपेल. त्या रात्रीपेक्षा दुसरा दिवस महत्त्वाचा असतो.

दुसऱ्या दिवशी उपास करू नका, दुप्पट व्यायाम करू नका. नेहमीच्या वेळी नेहमीसारखी न्याहारी करा. दुसऱ्या पायरीतलं चक्र पुन्हा फिरू लागतं ते इथूनच.

आणि स्वतःशी कसं बोलता ते ऐका. २००७ साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी काही तरुणींना डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना नंतर सांगितलं, की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर फार कडक होऊ नका. त्यानंतर समोर गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्यावर बंधन घालणाऱ्या मुलींमध्ये, ज्यांना हे मायेचे चार शब्द ऐकायला मिळाले होते त्यांनी कमी खाल्लं. स्वतःला माफ केलं तर आपण मोकाट सुटू, ही भीती मलाही होती. घडतं ते उलट.

नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २१ दिवसांचा आकडा फार फिरतो, तो विसरा. लंडनमधल्या एका अभ्यासात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांना सरासरी ६६ दिवस आढळले; कुणाला १८ लागले, कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

घरच्यांना काय सांगायचं

घरची माणसं बहुधा दोन चुका करतात. एक, ताटावर लक्ष ठेवणं: ‘पुन्हा घेतलंस?’ दुसरी, उदास दिसलात की खायला आणून देणं. दोन्ही प्रेमापोटीच. त्यांना स्पष्ट सांगा, की माझ्या खाण्यावर काही बोलू नका, शरीरावर तर नकोच; त्याऐवजी रात्रीची भांडी तुम्ही घासा, म्हणजे मला अर्धा तास मिळेल. ताणाचं मूळ कित्येकदा कामाच्या वाटणीतच असतं, आणि ते एकट्याच्या श्वासाने सुटत नाही. तुम्ही स्वतः अशा माणसाच्या घरचे असाल, तर हेच सगळं दुसऱ्या बाजूने वाचा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

वरच्या पायऱ्या सर्वसाधारण ताणाच्या खाण्यासाठी आहेत. काही वेळा त्या पुरत नाहीत, आणि तिथे एकट्याने झगडत राहू नये.

थोड्याच वेळात खूप मोठ्या प्रमाणावर खाल्लं जातं, थांबणं हातात राहत नाही, नंतर घृणा किंवा खोल उदासी येते, आणि असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने होत असेल, तर तो अनावर खाण्याचा विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. त्यावर उपचार आहेत, मुख्यतः विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धती, आणि त्यांचा गुण येतो. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, दिवसच्या दिवस उपाशी राहणं यातलं काही होत असेल, तर वाट बघू नका. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. मन सतत उदास असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा.

भूक अचानक वाढली असेल तर औषधंही तपासून घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या, मिर्टाझापिनसारखी नैराश्यावरची काही औषधं, ओलांझापिनसारखी मनोविकारांवरची काही औषधं भूक वाढवतात. थायरॉइडचं काम वाढलं किंवा मधुमेह नियंत्रणात नसला, तरीही खूप भूक लागते. औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारलं तर बदल करता येतो का ते सांगतील.

पहिल्या भेटीत काय बोलायचं, या संकोचाने बरेच जण जातच नाहीत. पहिल्या पायरीतली वही बरोबर न्या. तोंडाने सांगणं जड वाटलं, तर ती उघडून समोर ठेवा आणि एवढंच म्हणा, ‘भूक नसताना मी खाते, आणि मला थांबता येत नाही.’ डॉक्टरांनी नुसतं ‘कमी खा’ एवढंच सांगून वाटेला लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि वही पुन्हा बरोबर न्या.